मिस्त्रींनी केलेलं तळण

आईचं मनगट मुरगळलं ते नेमकं जिन्यातल्या जेवणाच्या आदल्या दिवशी. मुरगळलं कशाने, तर बरणीचं झाकण उघडताना. झाकण बाबांनी घट्ट लावलेलं होतं, त्यामुळे "यंदा तळण मी करतो" असं म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

आमच्या इमारतीत वर्षातून एकदा सगळी घरं जिन्यात जेवतात. पायरीपायरीवर एकेका घराचं ताट. कुणी कुणाच्या पदार्थाला नावं ठेवत नाही. फक्त शेवटी भरलेलं ताट घेऊन कोण वर चढतंय, ते सगळे कठड्याला टेकून निवांत बघतात. आईचं ताट कधी भरलेलं परत गेलं नाही. फ्लॉवर, गाजर, वांग्याच्या चकत्या, सगळं पिठात बुडवून तळलेलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई पहिला तुकडा उचलतात, कानाजवळ नेऊन मोडतात आणि कर्र वाजलं की मान डोलावतात. मगच बाकीचे हात पुढे येतात.

"माझं नाव घालवू नका म्हणजे मिळवली," आई म्हणाली.

"अगं, भुकटीत पाणी कालवण्यात जन्म गेला माझा!"

बाबा गिलाव्याचे मिस्त्री. त्यांनी गिलावा केलेल्या भिंतीवर गाल टेकवून झोपता येतं. त्यांनी स्वतः टेकवून दाखवलाय, घरमालकासमोर.

सकाळी त्यांनी मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड आणि पाणी बादलीत ओतलं. हो, बादलीत. मग ड्रिल मशीन आणलं आणि त्याला माल घोटायची पिळाची सळई लावली.

"नवीकोरी आहे," ते म्हणाले. "सिमेंटचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही हिने."

मशीन सुरू झालं. पीठ छतावर गेलं, फ्रिजवर गेलं आणि आईची विचारपूस करायला आलेल्या मामाच्या चष्म्यावर गेलं. बाबा मान वर करून छताकडे बघत राहिले.

"बघ, बघ! एक थेंब खाली येतोय का? याला म्हणतात धरणं!"

मालाला तार सुटेपर्यंत त्यांनी घोटलं. औषधालासुद्धा गुठळी राहिली नाही. मग तळलं. झाऱ्यातून तुकडे निघाले ते चकचकीत, एकसारखे. बाबांनी एकावर बोटाचं पेर टकटक वाजवलं, भिंतीवर वाजवतात तसं.

"कुठे पोकळ नाही. भरीव काम आहे."

मामाने चावा घेतला. मग तुकडा तोंडातून काढून, त्यात स्वतःचा दात राहिलाय का ते नीट पाहिलं.

"दाजी, हे खायचं की बाथरूममध्ये बसवायचं?"

"तुझे दातच कच्चे आहेत."

तेवढ्यात तुकडा मामाच्या हातून निसटला. लादीचा टवका उडाला. तुकड्याला काही झालं नाही.

एरवी काम फसलं की बाबा वाळूला शिव्या देतात. इथे शिव्या द्यायला वाळू नव्हती. "तुझं नाव जाणार," ते हळूच म्हणाले, आणि आई गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत स्वयंपाकघरात शिरली.

"तुडवलंत तुम्ही पिठाला. जितकं घुसळाल तितकं ते चिवट होतं. आता नवीन घ्या. त्यात बर्फासारखा गार सोडा ओता, काट्याने चार वळसे द्या आणि हात मागे घ्या."

"गुठळ्या राहतील."

"राहू द्या."

"अगं, पण ही एवढी मोठी..."

"राहू द्या म्हणते ना!"

बाबांनी मोजून चार वळसे दिले आणि काटा वर धरला. भांड्याच्या कडेला एक टपोरी गुठळी तरंगत होती आणि त्यांची नजर काही तिच्यावरून हटेना.

"तेवढी एकच फोडतो."

"हात लावून तर बघा!"

"कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

आई माझ्याकडे वळली. "जा गं, दार लावून घे."

मी दार लावलं. मग बाबांना जरा धीर आला. त्यांनी फ्लॉवर हातात घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "हा ओला आहे. ओल्यावर थर धरत नाही." एकेक तुरा त्यांनी स्वच्छ फडक्याने टिपला, त्याला कोरडं पीठ चोळलं, झटकलं आणि मगच बुडवला. आई असं कधी करत नाही. ती मान पुढे करून बघत राहिली.

तुरे तेलात पडले आणि चुरचुरत फुलून वर आले. गाल धरून बसलेल्या मामाने लांबूनच मान उंचावली. एक खाल्ला. दुसरा न विचारता घेतला.

संध्याकाळी जिन्यात शिंपीणबाईंनी तुकडा कानाजवळ नेला. कर्र! तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. त्यांनी आणखी एक उचलला. मग आणखी एक.

"वहिनी, रागावू नका, पण दरवर्षीपेक्षा यंदा भारी झालंय."

बाबांची छाती फुगली, पण आईचा चेहरा दिसताच तशीच खाली गेली. मामा कठड्याकडे बघू लागला. ताटावर मात्र हातांची झुंबड उडाली होती.

"मी नाही केलं," आई म्हणाली. "यांनी केलंय."

"मिस्त्री? तुम्ही?"

सगळा जिना बाबांकडे वळला. आईने पदर सारखा केला, गळ्यातल्या हातासकट ताठ झाली आणि म्हणाली, "आणि यांना शिकवलं कुणी, तेही विचारा की!"

बाबा तिच्या कानाशी वाकले. "ते फडक्याने टिपायचं मात्र माझं..."

"माहितेय," ती पुटपुटली. "हात बरा झाला की मीसुद्धा टिपूनच घेणार आहे. पण हे घरी बोलायचं. इथे नाही."

बाबांनी मान हलवली. मग जेवणं संपेपर्यंत ते त्याच पायरीवर बसून राहिले, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारलेलं नसताना, सांगत राहिले, "हिनेच शिकवलं हो. आपल्याला कुठे काय येत होतं!"