‘नको’ म्हणणारा हात

मित्रांनो, बाई गेल्या हे कळले तेव्हा मी सायकलच्या दुकानात, फळीवर, जुन्या टायरांच्या शेजारी पडून होतो. दुकान बाईंच्या नवऱ्याचे. त्या दिवशी शटर वर गेलेच नाही. बाहेर शेजारचा शिंपी कुणाला तरी सांगत होता, "आज उघडायचं नाही. त्यांची मंडळी गेली पहाटे."

"अरेरे," गिऱ्हाईक म्हणाले. मग म्हणाले, "माझी सायकल आतच आहे हो."

मला वाटले, बाई परगावी गेल्या असतील. जाणारे माणूस परत येते, एवढेच मला ठाऊक होते. जिथे त्या शिकवत, तिथून बाई रोज संध्याकाळी जायच्या आणि सकाळी यायच्या. म्हणून मी वाट पाहत राहिलो. अजूनही कधी कधी पाहतो. माझा जरा गोंधळच झाला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मी एक रबरी हात आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच. कातडीखाली बारीक नळ्या आहेत, त्या माझ्या शिरा. त्यांत लाल पाणी भरतात. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ हात टेबलावर ओळीने पडले होते. सगळे डावे. उजवे कुठे बनवतात, हे मला आजवर कळलेले नाही.

तिथून मी एका रुग्णालयाच्या शिकवणीच्या खोलीत आलो. कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा कशी करावी, हे नव्या नर्सना तिथे शिकवत. शिकवणाऱ्या त्या बाई. आवाज खणखणीत, हात मात्र मऊ. त्या सांगायच्या, "हे औषध शिरेतच गेलं पाहिजे. बाहेर सांडलं तर आतलं मांस भाजून निघतं. सुई बसली की आधी मागे रक्त येतंय का बघा, मगच औषध सोडा." मग मुली मला टोचत. कुणी डोळेच मिटून घेई. बाई ओरडत, "डोळे उघड गं! तो रबराचा आहे, तू नाहीस."

माझे कौतुकही व्हायचे. सगळ्या मला हातोबा म्हणत. परीक्षेच्या दिवशी दोघीतिघी माझ्या पाया, म्हणजे बोटे धरून, पडल्या होत्या.

पण टोचून टोचून माझी चाळण झाली. लाल पाणी टेबलावर गळू लागले. नवा हात मागितला तर वरून उत्तर आले, येईल तेव्हा येईल. तेव्हा बाईंनी मला कापडी पिशवीत घालून घरी नेले.

नवऱ्याने पिशवीत डोकावून पाहिले. "अगं, पगाराऐवजी आता हातपाय वाटतात की काय?"

"थट्टा पुरे. गळतोय तो. तुमच्या ट्यूबला लावता तसं ठिगळ लावा त्याला."

त्याने मला पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. कातडी घासली, सोल्युशन लावले, फुंकर मारली, ठिगळ दाबून बसवले. सायकलच्या ट्यूबला लावतात तेच ठिगळ. तेव्हापासून मला त्या दुकानाचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मला पोहोचवायला आला. तेव्हा एक मुलगी शिकत होती. भारी उतावळी. बाईंनी तिचे नावच ‘घाई’ ठेवले होते. टोचण्याआधी रुग्णाला विचारायचे, असा बाईंचा नियम होता. घाईने विचारले, "सुई टोचू का?" आणि शब्द संपायच्या आत टोचलीसुद्धा.

"उत्तर कुठे ऐकलंस?" बाई म्हणाल्या.

"बाई, रबराचा हात काय उत्तर देणार?"

सगळ्या हसल्या. बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बसा टेबलामागे. हातोबाच्या वतीने बोला."

तो लाजत बसला. घाईने पुन्हा विचारले, "सुई टोचू का?"

"नको," तो म्हणाला.

"का?"

"नको म्हणजे नको. कालच टोचलीय."

पुन्हा हशा. पण घाई सुई हातात धरून तशीच उभी. आता काय करायचे, तिला सुचेना. खोलीतल्या कुणालाच सुचेना. माझ्याकडून तोवर कुणी ‘नको’ ऐकलेच नव्हते ना!

"सुई खाली ठेव," बाई म्हणाल्या. "खुर्ची ओढ. बस. कशाची भीती वाटते ते विचार. आणि मग गप्प राहा."

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर बसून राहा. ज्याला नको म्हणता येतं, तो हात जळजळतोय हेही वेळेवर सांगतो. जो ओठ मिटून सोसतो, त्याचाच हात भाजतो."

तेव्हापासून नवी तुकडी आली की तो यायचा आणि माझा ‘नको’ म्हणायचा. आपले केस गळतील म्हणून नको. सून बाहेर ताटकळली आहे म्हणून नको. एकदा तर नुसताच ‘नको’ म्हणून गप्प बसला, आणि मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. मुली त्याला काका म्हणू लागल्या. मला मात्र कळेना, तो आवाज माझा की त्याचा?

मग बाईंनाच तो आजार झाला. हे मला मुळीच समजले नाही. मला वाटायचे, शिकवणाऱ्याला होत नसेल.

औषधे सुरू झाली. ती द्यायला घाईच असे. आता ती वॉर्डातली पक्की नर्स झाली होती. मधल्या काळात मी पुन्हा गळू लागलो, त्याने पुन्हा ठिगळ लावले, आणि मला खोलीत परत द्यायचे म्हणून पिशवीत घालून बाईंच्या पलंगाशी बसला. घाई आली. बाईंचा हात हातात घेऊन तिने विचारले, "बाई, सुई टोचू का?"

"नको."

तो हसला. "वा! माझं वाक्य चोरलंस."

बाई हसल्या नाहीत. "नको गं. पुरे आता."

घाईने सुई खाली ठेवली. खुर्ची ओढली.

तो ताडकन उठला. "अगं बसतेस काय? टोच! तिचं काय ऐकतेस?"

"काका, तुम्हीपण बसा ना."

"बसा काय? इथे वेळ चाललाय!"

घाई वळून बाईंकडे बघत राहिली. "बाई, कशाची भीती वाटते?"

त्याने पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला. पिशवीत मी होतो. दार मिटता मिटता बाईंचा आवाज सुरू झाला. हळू होता. शब्द मला कळले नाहीत.

त्यानंतर ते औषध बंद झाले. दुखू नये म्हणून गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या. बाई घरी होत्या. मी दुकानातल्या फळीवरच राहिलो होतो; मागच्या खोलीतून दोघांचे बोलणे मला ऐकू यायचे. उशी उंच हवी का, खिडकी लावू का, शिंप्याने पडदा तोकडा शिवला. त्या दिवसाविषयी तो काही विचारत नसे, आणि त्याही काही सांगत नसत. तो विचारील याची त्या वाट बघत होत्या, की आपणच सांगू याची, हे मला सांगता येत नाही.

बाई गेल्यावर काही दिवसांनी घाई दुकानात आली. आता वर्ग तीच घेते. "काका, हातोबाला न्यायला आलेय. तुम्हीही चला. ‘नको’ म्हणायला कुणी नाही."

"बघू," तो म्हणाला. हातात ट्यूब होती, ती पाण्यात फिरवत राहिला. बुडबुडे येत नव्हते.

घाई म्हणाली, "बाई त्या दिवशी काय बोलल्या, ते सांगू का?"

"नको."

तिने मला न्यायला आणलेली पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढले आणि बसली. बराच वेळ बसली. गिऱ्हाइके आली, हवा भरून गेली. शेवटी ती उठली. "बरं काका. तुम्ही म्हणाल तेव्हा." मला न नेताच ती गेली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखे एखादे साधन असेल तर ते वापरून झाल्यावर पुसून ठेवा. फाटले तर फेकू नका, ठिगळ लावा. आणि आपले माणूस ‘नको’ म्हणाले तर पिशवी उचलून जाऊ नका. बसा. एवढे मला कळते. बाकीचे कळत नाही.

तो रोज दुकान उघडतो, माझ्यावरची धूळ झटकतो आणि मला परत फळीवर ठेवतो. बाई काय बोलल्या, ते त्याने घाईला अजून विचारलेले नाही.