जेवलात का?

कडी निघाल्याचा आवाज विरून गेला, तरी कुणी पाऊल उचलले नाही. दारात मावशी उभ्या होत्या, एक हात अजून कडीवर. समोर पहारी घेतलेले सहा जण. त्या शांततेचे काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते.

हे घर खरे नव्हते. लोकांकडून घरे रिकामी करून घेणाऱ्या पथकाच्या सरावासाठी गोदामाच्या कोपऱ्यात ते उभारले होते : एक खोली, एक मोरी, एक भक्कम दार. आतले सामान मात्र खरे होते. कधीतरी कुणाच्या तरी घरातून बाहेर काढलेले, आणि परत न्यायला कुणी न आलेले. मावशी तिथे साफसफाईला होत्या. सरावापुरते त्यांनी त्या घरात राहायचे, आणि मनापासून वाटल्याशिवाय दार उघडायचे नाही, एवढाच त्यांना हुकूम. आजवर त्यांना तसे कधी वाटले नव्हते. दर वेळी पहार लागे, आणि मागाहून सुतार नवी कडी ठोकून जाई.

आज बोलण्याची पाळी त्या सहांतल्या एका तरुणाची होती. नोटिशीची वाक्ये त्याला तोंडपाठ होती. पण सराव सकाळपासून लांबला होता, आणि मावशींचा डबा बाहेर कट्ट्यावर तसाच पडलेला त्याला दिसला. पाठ केलेले सारे त्याने सोडून दिले. दाराजवळ तोंड नेऊन तो म्हणाला, "मावशी, जेवलात का?"

आणि कडी निघाली.

शांतता मोडली ती प्रशिक्षकांनी. पहार कुठे लावायची हेसुद्धा ते व्याकरण समजावल्यासारखे सांगत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"वा रे गोडबोल्या. आम्ही इतकी वर्षं लोखंड झिजवलं, आणि हा पठ्ठ्या नुसत्या जिभेनं कडी काढतो."

"सर, याला पहार नका देऊ, पळी द्या," मागून कुणीतरी म्हणाले.

"दात काढू नका. शिका."

मावशींना पुन्हा आत पाठवून गुरुजींनी सगळ्यांना दारापुढे ओळीत उभे केले. "म्हणा. घाई नको. शेवटी आवाज थोडा खाली. काळजी वाटली पाहिजे."

जेवलात का. जेवलात का. एकेक जण पुढे होऊन म्हणत गेला, आणि ते शब्द हातोहात फिरलेल्या नाण्यासारखे गुळगुळीत होत गेले. दार हलले नाही.

"उद्या खऱ्या दारापुढे हाच बोलेल," गुरुजी शेवटी म्हणाले. "तुम्ही मागे. फट दिसली की खांदा घालायचा. आजच्यासारखे पुतळे होऊ नका."

"सर, मी खरंच विचारलं होतं."

"तेच तर." गुरुजींनी मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खोटं विचारलं की काय होतं, पाहिलंस ना? तू बदलू नकोस, बाळा. आहेस तसाच राहा."

नोकरीला निघताना आई म्हणाली होती, "पोटासाठी करावं लागेल ते कर, पण जीभ कडू होऊ देऊ नकोस." त्या वाक्याच्या आडोशाला उभे राहून त्याने हे सारे प्रशिक्षण काढले होते. शिव्या ऐकल्या, दिल्या नाहीत. भांडी फेकण्याच्या सरावात ती अलगद खाली ठेवली आणि सगळ्यांचे हसू सोसले. जिभेची राखण त्याने केली. पीक मात्र पथकाच्या पदरात पडले. उद्या त्याने विचारले नाही तर दारावर पहार पडेल. विचारले तर आतले माणूस आपल्या हाताने कडी काढेल.

सराव संपल्यावर तो डबा घेऊन आत गेला. आज झाडायला लाकडाच्या ढलप्या नव्हत्या. मावशी कुणाची तरी भांडी फळीवर परत मांडत होत्या.

"मावशी, डबा."

"ठेव तिथं."

"मी मनापासून विचारलं होतं. तुम्हाला कळलं ना?"

"कळलं म्हणून तर उघडलं, बाबा."

डबा खाली न ठेवताच त्याने विचारले, "मग उद्या ज्यांचं दार आहे, त्यांना मी काय विचारू?"

मावशींनी शेवटचे भांडे मांडले, झाडू उचलला. दारातून जाताना त्यांचा हात सवयीने कडीकडे गेला आणि मध्येच मागे आला. मग त्या गोदामाच्या लांब फरशीवरून चालत निघून गेल्या. डबा त्याच्यापाशीच राहिला.