एकानंतर दहा

डोळ्यांनी राजीनामा दिला तेव्हा मी म्हटलं, संपलं आता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. वाचन गेल्यावर उरलं काय, तर चहाची वाट बघणं! घरात एक कोरी रहस्यकथा न वाचता पडली होती. तिचीच जास्त चुटपुट लागली होती.

सूनबाईनं ती उचलली. पाणीपुरवठा खात्याच्या मदतकक्षात ती दिवसभर फोन घेते, पडद्यावर लोकांच्या बिलांची माहिती शोधते आणि त्यांच्या शिव्या गोड आवाजात परतवते. घरी आल्यावर, गोंगाट नको म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, ती फोनवर माझं पुस्तक वाचून रेकॉर्ड करायची. फोनमधल्या फायली माझ्या ऐकण्याच्या डबीला, म्हणजे गाणी वाजवायच्या छोट्या यंत्राला, पचेनात, तेव्हा तिनं त्या एमपीथ्रीत बदलल्या, पेनड्राइव्हवर भरल्या, तो डबीत खोचला आणि आज सकाळी डबी माझ्या हातात ठेवली.

"शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय, बाबा. आज वाचते."

"घसा बसलाय का गं?"

"हवा बदललीय," म्हणाली आणि कामावर गेली.

मी बटण दाबलं. बंगल्याच्या मालकाचा खून, आणि संशय घ्यावा असा एक माळी. आवाज धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. पहिलं प्रकरण संपलं आणि लगेच ऐकू आलं, "प्रकरण दहावं."

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, दुसरं कुठंय?" मी डबीवर खेकसलो. मग मात्र कान टवकारले. हा घसा खरखरत होता, वाक्यावाक्याला दम लागत होता. मध्येच खोकल्याची उबळ आली. "थांबा हं बाबा, पाणी पिते." घोट ऐकू आले, मग पुढचं वाक्य. ओळीनं ऐकलं असतं तर आवाज हळूहळू बसत गेला असता आणि मला पत्ताही लागला नसता. खुनाकडे माझं लक्षच राहिलं नाही.

संध्याकाळी घोटाळा सांगितला तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"यंत्र आकडे मोजत नाही, बाबा, फायलींची नावं अक्षरांप्रमाणे लावतं. एकच्या आकड्यानं सुरू होणारं सगळं आधी. एक, दहा, अकरा, आणि मग दोन! एक ते नऊच्या आधी शून्य लावायला विसरले. आत्ता दुरुस्त करते, आणि शेवटचंही वाचून टाकते."

"नको. खुनी कोण ते कळलं मला."

"कोण?"

"माळी."

ती हसायला लागली आणि हसता हसता खोकली. "माळी दुसऱ्याच प्रकरणात मरतो!"

पकडला गेलो. "बरं, शेवट ऐकायचाय मला. जीव टांगणीला लागलाय. पण तुझा घसा सुधारल्यावर. तोवर तोंड उघडायचं नाही." एवढ्यावर थांबवेना. "पोरी, तू मला माझं वाचन परत दिलंस. फार मोठं काम केलंस."

तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मी उठलो, भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्या गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं.

"मीठ कुठल्या डब्यात?" मी ओरडलो.

"डावीकडून तिसऱ्या."

"डबे तरी ओळीनं लावलेत ना?"