ते नकोय आपल्याला

मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचा सोनोग्राफीवर असा हात बसला होता की बघत राहावं. छातीला जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, की न्यूमोनिया कुठे दडून बसलाय ते पडद्यावर हजर! एक्स-रेची वाट बघत बसणं त्यांच्या जिवावर यायचं. कटकट एकच, डावीकडे हृदय आडवं यायचं. मग प्रोब झटकन बाजूला. शिकवलंच होतं तसं.

दोन महिन्यांची ठकी आली तीच धापा टाकत. आई म्हणाली, "दोन घोट पिते आणि दमते हो. कपाळ घामानं भिजतं."

"फुप्फुसात इन्फेक्शन आहे," बाई म्हणाल्या. पडद्यावर पांढऱ्या रेघा होत्याच. मध्येच काहीतरी फडफडलं.

"ते काय?" आईनं विचारलं.

"हृदय. ते नकोय आपल्याला." आणि प्रोब सरकला.

अँटिबायोटिक सुरू झालं, पोर पीत नाही म्हणून सलाइनही. धाप मात्र कमी होईना. बाई रोज तपासायच्या आणि रोज प्रोब सरकवायच्या. आजी कुरकुरली, "अहो, पोरीचे डोळे सुजलेत," तर बाई तिच्यावरच खेकसल्या. आता काय म्हणावं!

मग एका सकाळी पडद्याकडे बघता बघता बाईंनी प्रोब पुन्हा उजवीकडून डावीकडे फिरवला. न्यूमोनिया असा दोन्हीकडे सारखा पसरतो होय? उजवीकडे, डावीकडे, वरपासून खालपर्यंत त्याच रेघा. हे पाणी होतं. हृदयाला झेपत नव्हतं म्हणून फुप्फुसात तुंबलेलं, आणि वरून आपणच सलाइन ओततोय! त्यांनी पहिल्यांदाच हात हृदयावर थांबवला. ते फुगलेलं होतं, आणि मधल्या भिंतीला जन्माचं भलंमोठं भोक होतं.

सलाइन बंद केलं, लघवीचं इंजेक्शन दिलं, मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. धावाधाव खूप झाली. अँब्युलन्स दारात येईपर्यंत ठकी गेली.

बाईंनी आईला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

 आईनं ठकीचं झबलं वर केलं.

"एकदा लावा ना ते मशीन," ती म्हणाली. "आता तरी नीट बघा."

बाईंनी जेल लावलं, डावीकडे प्रोब ठेवला. या वेळी त्यांचा हात हलला नाही. पडद्यावरही काही हलत नव्हतं.