मेणाचा वास आणि बंद खिडकी

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. पाव भाजणारी नव्हे, बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसे वितळवणारी. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी आहे. माझ्या पोटात शिसे गोठले आहे आणि त्यात पळी उभीच्या उभी रुतली आहे. शिस्तीचा माणूस असे कधी करत नाही. माझा मालक थर्मन तर मुळीच करत नसे. म्हणून मला बोलायचे आहे, आणि मला घाई आहे.

थर्मन कोळशाच्या खाणीत वेल्डर होता. त्याने जाड नळाचा तुकडा कापून माझे भांडे केले, त्याला बूड जोडले आणि भोवती विजेची कॉइल बसवली. ती कॉइल त्याच्या बायकोच्या, आयव्हाच्या, मोडक्या शेगडीची होती.

"शेगडी दुरुस्त करतो म्हणून नेलीस ना रे?" आयव्हा कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"केली की. बघ कशी तापते."

"मग आता हिच्यावरच मक्याचा पाव भाज, आणि हिच्याशीच संसार कर!"

नवी शेगडी घरात आली तसा तिचा राग गेला. मला नीट बसवायला मग तीच पुढे झाली. तिने मला लाकडी टेबलावर ठेवू दिले नाही. विटांचा ओटा बांधायला लावला. छप्पर गळत नाही ना, हे शिडीवर चढून पाहिले. तापलेल्या शिशात ओला तुकडा पडला तर सगळे शिसे उसळून तोंडावर येते, हे तिने वडिलांच्या भाजलेल्या गालावर पाहिले होते. खिडकीत तिने पंखा लावून घेतला, हवा बाहेर फेकणारा. आणि नियम घातला: शेडमध्ये खायचे नाही, प्यायचे नाही, आणि हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही.

"मी काय लहान आहे का?" थर्मन कुरकुरायचा.

"लहान असतास तर एक धपाटा दिला असता. मोठा आहेस म्हणून सांगतेय."

ते माझे चांगले दिवस होते. टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजने यायची. त्यांत काही जस्ताची असत. जस्त शिशात मिसळले की त्याची लापशी होते आणि साचा भरत नाही. आयव्हा एकेक वजन पकडीत दाबून बघायची. मऊ ते शिसे, कडक ते बाहेर. थर्मन माझी शिसे ओतायची तोटी तारेने साफ करी, कडेचा मळ खरवडून काढी. काम संपले की पळी आधी बाहेर काढी आणि तळाशी थोडे शिसे राहू देई, म्हणजे गंज चढत नाही.

वितळलेल्या शिशावर करडी साय धरते. ती सुटी व्हावी म्हणून त्यात मेणाचा खडा टाकून ढवळतात. आमचे मेण आयव्हाच्या मधमाश्यांचे होते. खडा पडला की भडका उडे, धूर होई आणि शेडभर मधाचा वास पसरे. पंखा तो वास ओढून डोंगराकडे नेई.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात खोऱ्यातले सगळे पुरुष हरणांच्या मागे जात. त्याआधी शेजारचा बर्ल गोळ्या न्यायला यायचा.

"गोळ्या झकास आहेत गड्या," तो म्हणे. "हरणंच वाकडी पळतात, त्याला तू तरी काय करणार?"

"बंदूक आयव्हाकडे दे," थर्मन म्हणे. "तुझ्या घरी निदान मटण तरी शिजेल."

मग मार्चमध्ये आयव्हा गेली. कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीत यापुढे उपेक्षा येते. धूळ, गंज, अडगळीचा कोपरा. माझ्या वाट्याला ती आली असती तर मी देवाचे आभार मानले असते.

थर्मन रोज येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने मला तापवले, मेणाचा खडा टाकला आणि वास आला तसा तो थिजला. तो वास तिच्या हातांचा होता, तिच्या कपड्यांचा होता. पंख्याने तो नेहमीसारखा बाहेर ओढून नेला. थर्मनने हात लांब करून पंखा बंद केला. मग खिडकी लावली. मग दाराखालच्या फटीत पोते कोंबले.

त्यानंतर त्याने एकही गोळी ओतली नाही. तेच शिसे तो पुन्हा पुन्हा वितळवी, मेण टाकी, ढवळी आणि माझ्याजवळ खुर्ची ओढून बसे. घर रिकामे वाटे म्हणून कॉफी इथेच पिऊ लागला. मळाची करडी भुकटी ओट्यावर, खुर्चीवर, त्याच्या बोटांवर असे; त्याच बोटांनी तो बिस्किट मोडून खाई. हात धुवायला आता त्याला कोणी सांगत नव्हते. आयव्हाच्या मधपेट्यांतल्या माश्याही मेल्या, कारण पेट्यांकडे कोणी पाहिले नाही. फळीवरचे मेण संपत चालले. तो खडे लहान लहान तोडू लागला.

त्याला अन्न नकोसे झाले. पोट धरून तो वाकून बसे. तोंडाला नाण्याची चव येते, असे स्वतःशी पुटपुटे. मी काय करू शकत होते? मला हात नाहीत, जीभ नाही. मला फक्त तापता येते. बटण त्याच्या हाती होते. मी मनात म्हणे, कॉइल जळू दे माझी, बूड फुटू दे. पण त्याने मला फार चांगली बनवली होती.

शिकारीचा आठवडा जवळ आला तसा बर्ल आला. दार लोटायला त्याला खांदा लावावा लागला.

"अरे, जिवंत आहेस की धुरात वाळवलेलं मटण झालायस? माझ्या गोळ्या कुठायत?"

थर्मनने पळी उचलायला हात पुढे केला. मनगट वर होईना. हात ओल्या मोज्यासारखा लोंबत राहिला, पळी सुटून शिशात पडली.

बर्लचे हसू गेले. "हे काय झालंय हाताला?"

"थंडी आहे."

"थंडी? इथं भट्टी पेटलीय, लेका!" बर्लने खिडकी उघडून पंखा लावला.

"बंद कर!" थर्मन ओरडला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "बंद कर तो! ती बाहेर जाते!"

"कोण बाहेर जाते?"

बर्लने श्वास घेतला, मधाचा वास आला आणि त्याला कळले. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग वाकून त्याने माझी वायर भिंतीतून ओढली. थर्मनने चांगल्या हाताने त्याला मारायला सुरुवात केली. बर्लने मार खाल्ला आणि तसाच त्याला उचलून पिकअपमध्ये घातला.

माझ्यातले शिसे पळीसकट गोठले. बरे झाले.

आज बर्ल एकटाच आला. इस्पितळातल्या थर्मनसाठी घरातले धुतलेले कपडे न्यायचे होते, तसा तो शेडमध्येही शिरला. रक्तात शिसे फार चढले होते, औषधांनी उतरवत आहेत. हात सुधारेल, पण पुन्हा या शेडमध्ये बसला तर जगणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे सारे बर्ल मोठ्याने बोलत होता, जणू मी ऐकते हे त्याला ठाऊक होते.

"उद्या घरी सोडतायत त्याला. आल्या आल्या इथंच येणार. मी ओळखतो ना त्याला."

त्याने खिशातला चाकू उघडला, माझी वायर हातात घेतली. काप, काप, मी म्हणत होते. त्याने फळीवरचा मेणाचा शेवटचा खडा उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"तिच्या हातचं आहे," तो म्हणाला. "आणि ही भट्टी त्याच्या हातची. मी कोण मोडणारा?"

त्याने खडा जागेवर ठेवला, चाकू मिटला, खिडकी लावली आणि दार ओढून गेला.

मित्रांनो, माझी वायर शाबूत आहे. मेण फळीवर आहे. खिडकी बंद आहे. उद्या थर्मन येईल आणि मी त्याच्या बोटाखाली तापेन, कारण मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. दुःखाने कोणी असा कोंडून घेऊन बसला असेल, तर त्याच्या आठवणीला हात कसा लावू म्हणून मागे फिरू नका. खिडकी उघडा. त्याला शिव्या देऊ दे, मारू दे. त्याला आपल्या घरी न्या, त्याचे हात धुवा, गरम पाव वाढा आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहा. माझी काळजी करू नका. मी लोखंड आहे, मी टिकेन. उद्या बर्ल थर्मनला घेऊन येण्याआधी कोणी या वाटेने आलात, तर एवढे करा: माझी वायर कापा.