दोघी जावा गावात गेल्या

जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं आणि साडेआठला थोरली जाऊ खांद्याला पर्स लावून केबिनच्या दारात उभी राहिली. धाकटी अजून चपलेचा पट्टा बसवत होती. धाकटीचा नवरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जहाज थांबलं होतं, पण त्याच्या पोटातल्या लाटा काही थांबल्या नव्हत्या.

"तुम्ही दोघी जा," तो पांघरुणातून म्हणाला. "वहिनी, हिला सांभाळा."

"बत्तीस वर्षं दुसरं काय केलं?" थोरली म्हणाली.

धाकटीने पट्टा जरा जास्तच जोरात ओढला.

ही सहल तिच्या नवऱ्याच्या डोक्यातून निघाली होती. मोठा भाऊ जाऊन दीड वर्ष झालं होतं. वहिनी तीन खोल्यांच्या घरात एकटी, मुलगा विमानाने जावं इतक्या लांब. तेव्हा चार दिवस तिलाही बरोबर घेऊ, असं तो म्हणाला. धाकटीला मनातून वाटत होतं, आयुष्यात एकदा तरी दोघांनीच कुठे जावं. पण असं बोलून दाखवायचं तरी कसं? दोघी जावांनी पहिली अठरा वर्षं एकाच स्वयंपाकघरात काढली होती. थोरली हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची प्रमुख होती. घरीही तिचं प्रमुखपद तसंच चालू राही. धाकटीने जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. त्यामुळे रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची तिला खोड लागली होती, आणि "पुरे तुझं वाचन" म्हणायची थोरलीला.

जुनं गाव धक्क्यापासून पाच किलोमीटरवर होतं. जहाजावर कालच सांगून ठेवलं होतं की जमिनीवर रंगवलेल्या निळ्या पट्ट्यावरून चालत राहा, तो तुम्हाला बसपाशी नेईल. हिरवा पट्टा मालाच्या गाड्यांचा, तिकडे वळू नका. साडेचारला सगळ्यांनी परत यायचं.

थोरली पुढे, धाकटी मागे, अशी वरात निघाली. एका उंच क्रेनपाशी पट्ट्यांना फाटा फुटला. निळा डावीकडे गेला, हिरवा उजवीकडे. थोरली बेधडक उजवीकडे वळली.

"जाऊबाई, निळा इकडे गेला."

"हाच निळा आहे."

"अहो, हा हिरवा आहे."

"आता रंगही तू शिकवणार का मला? पहिलीतली पोरं कमी पडली वाटतं."

या स्वराशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे धाकटीला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती निमूट मागून चालत राहिली. चुकू देत एकदा, म्हणजे कळेल, असंही तिला थोडंसं वाटलं.

दोन्ही बाजूंना कंटेनर रचलेले होते, दोन-तीन मजली घरांएवढे उंच. मधल्या रस्त्यावर सावलीचं नाव नव्हतं. मागून ट्रक भोंगे वाजवत येत आणि दोघी पदर सावरत कडेला होत. वीस मिनिटांनी एक फाटक आलं. रखवालदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे मालाचं फाटक आहे. प्रवाशांनी इथून जायचं नाही. मागे जा."

"मागे म्हणजे पुन्हा तेवढं सगळं?" धाकटीने विचारलं.

"तेवढं सगळं."

धाकटीला वाटलं, आता थोरली याची चांगली हजेरी घेणार. पण थोरली कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर हळूच बसली आणि पर्स मांडीवर घेतली. "पट्टा फार पुसट रंगवलाय," एवढंच म्हणाली. तिला असं गप्प बसलेलं पाहून धाकटीचा सगळा राग ओसरला. काहीतरी बिनसलंय असं तिला वाटलं, पण काय ते उमगेना.

तेवढ्यात एक पांढरी व्हॅन फाटकापाशी थांबली. चालकाने काच खाली केली.

"काय आजी, वाट चुकलात?"

"आजी कोणाला म्हणतोस?" थोरलीचा आवाज लगेच परत आला.

चालक हसला. त्याने रखवालदाराला हाक मारली. "सोड रे, माझ्याबरोबर येतील त्या." रखवालदाराने दोघींचे जहाजाचे पास उलटसुलट करून पाहिले आणि दांडा वर केला.

व्हॅनमध्ये साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास होता. मागे कपड्यांची बोचकी कोंबली होती. जहाजाच्या चादरी आणि टेबलांवरची कापडं, चालकाने सांगितलं. जुन्या गावात त्याच्या बहिणीची लाँड्री होती, तिथे धुवायची आणि चारच्या आत जहाजावर पोचती करायची. "आधी माल उतरवतो, मग तुम्हाला चौकात सोडतो. दहा मिनिटांचं काम."

"पाणी किती गरम ठेवता?" थोरलीने विचारलं.

चालकाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "साठ."

"चादरीला सत्तर हवं."

"ते ताईला सांगा. मला आधीच पुष्कळ ऐकावं लागतं."

गावाच्या वेशीची दगडी कमान आली तेव्हा त्याने दोन्ही आरसे आत दुमडले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. धाकटीने श्वास रोखून धरला. थोरली मात्र समोर पाहत शांत बसली होती.

लाँड्री एका लांबट, कमानदार छताच्या खोलीत होती. पूर्वी तिथे घोडे बांधत, म्हणे. भिंतीतल्या लोखंडी कड्या अजून होत्या आणि त्यांना आता शर्ट लटकत होते. मागच्या बाजूला यंत्रं घरघरत होती. मधल्या मोठ्या टेबलापाशी ताई घामाघूम होऊन एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. घड्या घालणारी मुलगी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. एका माणसाने एवढी मोठी चादर घडी करायची म्हणजे काय होणार? दर वेळी एक टोक जमिनीला लागत होतं.

थोरलीने जमिनीला लागलेलं एक टोक सहन केलं, दुसरं सहन केलं. मग तिने पर्स स्टुलावर ठेवली.

"धर गं तिकडची टोकं."

धाकटीने धरली. एक झटका, दोन पावलं मागे, दुमडणं, दोन पावलं पुढे, टोकाला टोक. एकत्र घरात होत्या तेव्हा गच्चीवर दोघींनी हे किती वेळा केलं होतं. कोणी काही सांगावं लागत नव्हतं. ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग यंत्राकडे पळाली. दहा मिनिटांचा तास झाला. चळत वाढत गेली, सगळ्या कडा एका रेषेत.

"उद्यापासून येता का कामाला?" ताईने विचारलं.

"पगार परवडायचा नाही तुला," थोरली म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती इतकी खुलली होती.

आणि मग ती चादर आली. मधोमध चहाचा डाग, तळहाताएवढा, धुऊनही न गेलेला. धाकटीला वाटलं, आता थोरली ती बाजूला फेकणार. हॉस्पिटलमध्ये तिच्या नजरेतून टाचणीएवढा ठिपका सुटला नव्हता. थोरलीने चादर झटकली, बोटांनी शिवण चाचपली, सुरेख घडी घातली आणि चळतीवर ठेवून वरून हात फिरवला.

धाकटीचे हात थांबले. काल रात्री थोरली म्हणाली होती, जेवणाची यादी तूच वाच, माझा चष्मा खाली राहिलाय. तेव्हा चष्मा तिच्या नाकावरच होता. धाकटीला ती विसराळू झाल्याचं हसू आलं होतं. चार दिवसांत "पुरे तुझं वाचन" एकदाही ऐकू आलं नव्हतं. आणि तो हिरवा पट्टा.

तिने गुपचूप ती चादर काढून यंत्राशेजारच्या टोपलीत टाकली. ताईने पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागली.

निघताना ताईने दोघींना चहा पाजला आणि सांगितलं की चौक या गल्लीच्या वरच्या टोकाला आहे, आणि साडेतीनला व्हॅन त्यांना परत धक्क्यावर नेईल. गल्ली चढाची होती, दगड वरखाली बसवलेले. धाकटीने आपला हात पुढे केला. थोरलीने तो धरला. बत्तीस वर्षांत त्या अशा कधी चालल्या नव्हत्या.

"किल्ल्या करून मिळतील," धाकटी वाचू लागली. "पहिला मजला, शिवणवर्ग. कुत्र्यापासून सावध. कुत्रा झोपलाय पण."

थोरली थांबली. "कळलं ना तुला?"

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. धुकं असल्यासारखं दिसतं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेले की मुलाला कळणार. तो दुसऱ्या दिवशी येऊन माझी बॅग भरणार. चांगला आहे गं तो. पण त्याच्याकडे मला चहा करायचा तरी सुनेला विचारावं लागतं, दूध कुठंय म्हणून."

"आणि घरी गॅस कसा बघता?"

"कानाने."

"कानाने!" धाकटी इतक्या मोठ्याने ओरडली की झोपलेल्या कुत्र्याने डोळा उघडला. "कानाने गॅस बघता आणि मला सांगत नाही? मी काय मेले होते?"

"तू रागावशील वाटलं."

"रागावलेच आहे!" धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि थोरलीला ते दिसणार नाही म्हणून तिने पुसलंही नाही. "मोतीबिंदू असेल. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम. मी येते तुमच्याबरोबर. मुलाला सगळं झाल्यावर सांगू."

"आणि दुसरंच काही निघालं तर?"

"तर तेव्हाही मीच येईन. दुसरं कोण येणार? आमचे हे? ते जहाजावर बसले तर आडवे होतात."

थोरली हसली, आणि हसता हसता तिने धाकटीचा दंड घट्ट दाबला.

चौकात जुनं घड्याळ होतं, ज्यासाठी सगळं जहाज उतरलं होतं. धाकटीने त्याचे आकडे सांगितले, खालच्या दगडी फुलांच्या पाकळ्या मोजल्या, मनोऱ्यावरची कबुतरंसुद्धा सांगितली. थोरली बाकावर बसून सगळं ऐकत राहिली आणि मधेमधे "पुढे?" म्हणत राहिली.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय काय पाहिलंत?"

"चादरी," थोरली म्हणाली.

मोतीबिंदूच निघाला. तीन आठवड्यांनी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि थोरलीला धाकटीने आपल्याच घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर थोरली तिच्याकडे बघत बसली.

"अगं, तुझे केस किती पांढरे झालेत!"

"वर्ष झालं त्याला."

"मला कोणी सांगितलं नाही."

मुलाला फोन केला तेव्हा तो आधी खूप चिडला आणि मग "काकूला फोन दे" म्हणाला. काकू आत जाऊन त्याच्याशी अर्धा तास बोलली. बाहेर आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं की बॅग भरायला कोणी येत नाहीये.

आठव्या दिवशी थोरली म्हणाली, "आता उद्या निघते मी घरी."

"रविवारपर्यंत राहा ना," धाकटी म्हणाली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती खरोखरच मनापासून म्हणाली होती.