काकूंची नजर आणि काकांचे बल्ब

"काकू, हे बघा तरी," म्हणत बँडमास्तरांनी दारातच कोट उलगडला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. तपकिरी कोटावर, छातीपाशी, जिथे सिगारेटने भोक पडलं होतं तिथे आता मरून रंगाचा ठिपका चमकत होता. "लोक वाजवणं ऐकायचं सोडून हेच बघत बसतील हो."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं सारी गल्ली फाटलेले, जळलेले कपडे रफूसाठी त्यांच्याकडे आणत होती आणि भोक कुठे होतं ते विसरून जात होती. एरवी त्या शिवणीत दुमडलेल्या जादा कापडातलाच धागा उसवून काढायच्या. या कोटात तसं कापडच उरलं नव्हतं. म्हणून आदल्या संध्याकाळी टेबलाशी, दिव्याखाली बसून त्यांनी आपल्या डब्यातला तपकिरी धागा जुळवला, आणि तो निघाला मरून!

"शनिवारी न्या, नीट करून ठेवते," त्या कशाबशा म्हणाल्या.

बँडमास्तर गेल्यावर त्यांनी धाग्यांचा डबा बंद केला. "अहो, माझे डोळे गेले. आता हे काम बंद."

काका मीटर रीडिंगच्या नोकरीतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची वीज मोजल्यामुळे असेल, पण घरात एखादा दिवा उगाच जळताना दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी घरातले सगळे जुने बल्ब काढून वीज वाचवणारे बसवले होते, आणि तेव्हापासून येईल त्याला त्यांचं कौतुक ऐकवत होते. ते कौतुक अगदीच खोटं नव्हतं. सुई ओवणं सोपं झालं होतं, आणि जुना बल्ब डोक्यावर तापायचा तो जाच संपला होता. "आयुष्यात एक काम तरी धड केलंत," असं खुद्द काकू म्हणाल्या होत्या.

"डॉक्टरांना दाखवू," काका आता म्हणाले. "उजेडाचा तर प्रश्नच नाही. बघ कसा लख्ख आहे."

रात्री काकूंनी ताटातलं निम्मं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका सकाळी फिरायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. बागेतल्या बाकावर पाय पसरून बसले असताना मित्रमंडळी खो खो हसली होती. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात मरून. आणि ही जोडी त्यांनी बिनखिडकीच्या आतल्या खोलीत, आपल्या लाडक्या बल्बखाली, चांगली निरखून घातली होती.

गुपचूप मोजे बदलले असते तर बल्बची अब्रू वाचली असती. क्षणभर त्यांच्या मनात तेच आलं. पण मिटलेल्या डब्यापुढे हात बांधून बसलेली बायको दिसली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं, मोजे बल्बखाली धरले. दोन्ही एकसारखे. मग दारात आणले. एक तपकिरी, एक मरून.

"अगं, तुझी नजर शाबूत आहे. माझ्या बल्बलाच लाल रंग दिसत नाही."

काकू आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. काकांचा चेहरा पडला. "काढून टाकू का तो?"

"राहू द्या. सुई ओवायला चांगला आहे. रंग मी इथे दारात बघत जाईन."

काकांनी टेबल दारापाशी सरकवलं. काकूंनी जुने टाके उसवले आणि उजेडात धागा जुळवून पुन्हा भरले. ऊन उतरलं की काम थांबू लागलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दोघं संध्याकाळी पत्ते खेळायला बसली. काका हरतात आणि काकूंवर चिडतात, पण खेळायला आधी तेच बोलावतात.

शनिवारी बँडमास्तर आले. त्यांनी कोट उन्हात धरला, छातीवरून अंगठा फिरवला, आतून बघितलं, पुन्हा बाहेरून बघितलं.

"काकू, कुठे होतं हो ते?"

"मला तरी कुठे आठवतंय," काकू म्हणाल्या, आणि पुढची पँट उजेडात धरून तिच्यासाठी धागा शोधायला लागल्या.